एकोणसत्तर गुणांचे मूल

स्वमग्न मुलांच्या सेवांसाठी आमदारांचे दार ठोठावायचे, तर जयपूरच्या जगतपुऱ्यातील पालकांना फार लांब जावे लागत नाही. विधानसभा त्याच शहरात, ज्योतीनगरात आहे. लांबचा पल्ला कागदावरचा असतो. १९९५च्या अपंगत्व कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली. मूल तेच, यादी मोठी. दाखल्यासाठीच्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस बाबी आणि दोनशे गुण. सत्तरच्या आत स्वमग्नता नाही, म्हणजे एकोणसत्तर गुणांचे मूल सरकारदरबारी ठणठणीत. जास्त गुण पडले की मदत मिळते, अशी ही बहुधा देशातली एकमेव परीक्षा. तिचे क्लास अद्याप निघालेले नाहीत, हे विशेष.

अपंगांना साहाय्य हा विषय संविधानाच्या राज्यसूचीत नवव्या क्रमांकावर आहे. कायदा मात्र संसदेचा. त्यामुळे निवेदन घेणाऱ्याला दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय आपोआप होते. आमदारांना रॅम्प पटतो, कारण त्याची फीत कापता येते. वाचोपचाराच्या तासाला फीत बांधायची कुठे? २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागृती दिनी, इमारतींवर निळे दिवे लावणे त्या मानाने सोपे. त्याला थेरपिस्टची पदे भरावी लागत नाहीत.