वायरमनकाका

शिळफाट्याला वायरमनकाकांकडे येणारा ट्रक धावत येत नाही, रांगत येतो. मागे टनावारी माल, चाळीसच्या वर वेग नाही, आणि ड्रायव्हर उतरायच्या आधीच ओरडतो, "काका, पिकअप गेला!" काका आधी चहा संपवतात. मग विचारतात, "सेन्सर कोणी बदलला?"

कारण कोणीतरी तो बदललेला असतोच. लॅपटॉपवाला पोरगा स्कॅनर लावतो, बूस्ट सेन्सरचा कोड येतो, मालक हजारो रुपये मोजून नवा टाकतो, आणि गाडी मुंब्रा बायपासच्या चढाला पुन्हा बसते. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, सेन्सर वाढले आणि काकांचा चहाही.

काकांचं म्हणणं, कोडमध्ये नाव येतं ते तक्रारदाराचं, आरोपीचं नव्हे. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, पण इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, सेन्सरांना देतो मोजून ५ व्होल्ट. त्या पाचाच्या लाइनीवर बऱ्याचदा दोन-तीन सेन्सर असतात. एकाची वायर चासीला लागली की बाकीचेही खोटं बोलू लागतात. ईसीएमचा मग कोणावरच भरवसा राहत नाही आणि इंजिन वाचवायला तो डिझेल आखडतो. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये तर दोन सिग्नल. बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा. हिशेब जुळला नाही की पेडल तळाला टेकवा, गाडी ढिम्म.

किल्ली ऑन ठेवून, मीटर ड्रायव्हरच्या हाती देऊन काका खाली शिरतात आणि वायरींचा जुडगा वीतवीतभर हलवत जातात. वरून आकडे ओरडायचे.

"पाच... पाच... शून्य!"

"हलू नकोस!" काका खालून गरजतात. ड्रायव्हर हललेला नसतोच.

सापडते ती ब्रॅकेटला घासून उघडी पडलेली वायर, नाहीतर पावसात हिरवी पडलेली कपलरची पिन. वायर जोडली, टेप मारली, गाडी तयार. काकांचं दुखणं इथून सुरू होतं. सेन्सरचे पैसे निमूट देणारा मालक टेप बघितली की दोनशेवर अडतो. शोधण्यात गेलेली दुपार त्याला दिसत नाही. म्हणून काका खराब वायरचा तुकडा कापून कागदाच्या पुडीत बांधतात आणि सर्जन मूतखडा दाखवतो तसा त्याच्या हातावर ठेवतात.

परवा एका मालकाने पुडी उघडली, तुकडा उलटसुलट पाहिला.

"एवढाच?"

काकांनी पक्कड उचलली. "मोठा हवा असेल तर अजून कापून देतो."