ऑक्टोबरात कोण काय म्हणालं होतं?

मार्च लागला की बॉस्टनच्या हॉकीवेड्यांना दोन गोष्टींचा जाच सुरू होतो. रस्त्याच्या कडेला काळाठिक्कर पडलेला बर्फ काही केल्या वितळत नाही, आणि यंदाचं ‘सेव्हन्थ प्लेयर अवॉर्ड’ कुणाला द्यायचं यावर एकमत होत नाही. बर्फ निदान एप्रिलात जातो.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचं नातं काठीपुरतं. एका वेळी मैदानात सहा जण, गोलरक्षक धरून. सातवा म्हणजे हिशेबात न धरलेला. बॉस्टन ब्रुइन्स संघात १९६९ पासून हा पुरस्कार दिला जातो आणि त्याचा निकष ऐकायला फार गोड आहे: अपेक्षेपेक्षा जास्त ज्याने करून दाखवलं, तो मानकरी. मत द्यायचं चाहत्यांनी. म्हणजे अपेक्षा ठेवणारे तेच, ती मोजणारे तेच आणि ओलांडली की नाही याचा निवाडा करणारेही तेच. पुरस्कार देते ‘नेसन’ ही क्रीडावाहिनी. तिच्यात संघमालकांच्या कंपनीचीही भागीदारी आहे, तेव्हा सगळा मामला घरातल्या घरात. पण वाहिनीला कशाला बोल लावा? खरी गंमत मतदारांची आहे.

ब्रुइन्सच्या घरच्या मैदानाच्या, म्हणजे टीडी गार्डनच्या आसपास, कॉजवे स्ट्रीटवरच्या कुठल्याही बारमध्ये जाऊन नुसता कान द्या. २०२४-२५ च्या हंगामाच्या अखेरीला जो वाद चालला होता, त्याचा मासला साधारण असा.

“मॉर्गन गीकी! दुसरं नाव तोंडातून काढू नका. तेहतीस गोल!”

“अहो, पण नोव्हेंबरात तुम्हीच म्हणत होतात, याला विकून टाका म्हणून.”

“कोण, मी? मी तर ऑक्टोबरातच सांगितलं होतं, हा पोरगा तीस गोल मारणार!”

“मग तो तुमच्या अपेक्षेइतकाच खेळला की! तुमचं मत त्याला कसं चालेल?”

यावर बिअरचा एक लांबलचक घोट घेतला जातो. सत्त्याहत्तर नंबरचा, म्हणजे ब्रुइन्सच्या रे बोर्कचा, जुना स्वेटर घातलेले ते काका ग्लास खाली ठेवतात, मिशीवरचा फेस पुसतात आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत म्हणतात, “तो पास्त्रनाक बाजूला असता तर मीपण वीस मारले असते.”

सगळ्या वादाची गोम इथेच आहे. चाहत्याला एकाच वेळी दोन मान हवे असतात. ‘मी आधीच ओळखलं होतं’ हाही हवा आणि ‘पोराने थक्क केलं’ हाही. ज्याने ओळखलं होतं त्याची अपेक्षा फक्त पूर्ण झाली. ती ओलांडली गेली ती न ओळखणाऱ्याची. तेव्हा न्यायाने बघायला गेलं तर मताचा अधिकार फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांचा ऑक्टोबरातला अंदाज साफ चुकला. असा माणूस अख्ख्या बॉस्टनमध्ये शोधून सापडायचा नाही. तरीही मतं मात्र दरवर्षी पडतात.

गीकीचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं. सिअ‍ॅटलच्या संघाला तो नकोसा झाला, म्हणून २०२३ मध्ये बॉस्टनने त्याला वर्षाला वीस लाख डॉलर देऊन घेतलं. या धंद्यात वीस लाख म्हणजे चहापाण्याचे पैसे. पहिल्या वर्षी १७ गोल, दुसऱ्या वर्षी ३३. गोलामागे साठ हजार डॉलर पडले, असा हिशेब एका चाहत्याने बारमधल्या कागदी रुमालावर मांडला आणि वेट्रेसने तो रुमाल ग्लासाखाली सरकवला. डेव्हिड पास्त्रनाकने त्याच हंगामात ४३ गोल मारले, गोल आणि गोलला लावलेला हातभार मिळून १०६ गुण मिळवले, संघातला सगळ्यात मोठा खेळ त्याचाच. पण त्याला वर्षाला सरासरी एक कोटी साडेबारा लाख डॉलर मिळतात. एवढे पैसे घेणाऱ्याने सामना जिंकून दिला, वर बर्फ झाडून दिला, तरी लोक म्हणणार, हे तर त्याचं कामच आहे!

म्हणजे ओलांडण्याची उंची ठरते ती पगारावरून. २०२४ च्या उन्हाळ्यात एलियास लिंडहोमला सात वर्षांसाठी ५ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर दिले, तेव्हाच बिचाऱ्याचा या पुरस्काराचा मार्ग खुंटला. जेरेमी स्वेमन या गोलरक्षकाने त्याच ऑक्टोबरात आठ वर्षांचे ६ कोटी ६० लाख पदरात पाडून घेतले, आणि पहिला सोपा गोल आत गेल्याबरोबर गॅलरीतून आवाज आला: “सहा कोटी साठ लाख!” जणू काही ते पैसे ओरडणाऱ्याच्या प्रॉव्हिडंट फंडातून गेले होते.

आपल्या मंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही. बॉस्टनच्या आसपास बर्लिंग्टन, वेस्टबरो, श्रूजबरी भागात राहणारी, कंपन्यांच्या संगणकांवर दिवस काढणारी मराठी माणसं वर्षअखेरीला याच यज्ञातून जातात. वर्षभर राबावं, रात्री दोनला उठून सर्व्हर उभा करावा आणि साहेबाने अप्रेझलच्या कागदावर ‘अपेक्षेनुसार’ असं लिहून मोकळं व्हावं. का? तर तुमच्याकडून आमची अपेक्षाच मोठी होती, म्हणे! शेजारच्या टेबलावरचा, जो गेल्या वर्षी कामावरून जाता जाता वाचला, तो यंदा वेळेवर यायला लागला म्हणून ‘अपेक्षेपेक्षा सरस’. त्यामुळे ब्रुइन्सचा सामना बघायला नुकतीच सुरुवात केलेला मराठी इंजिनियरसुद्धा या वादात पहिल्या दिवसापासून हिरिरीने उतरतो. त्याला ऑफसाइडचा नियम कळलेला नसतो. पण अन्याय कळतो.

जुन्या निकालांवर नजर टाकली तर मतदारांचा कल स्पष्ट दिसतो. २०१८-१९ च्या हंगामात ब्रॅड मार्शँडने शंभर गुण मिळवले. शंभर! आणि पुरस्कार कुणाला? ख्रिस वॅग्नरला. चौथ्या फळीतला खेळाडू, गोल बारा. शंभरापुढे बारा जिंकले, आणि मला विचाराल तर बरोबर जिंकले. कारण वॅग्नर वॉलपोलचा, म्हणजे बॉस्टनजवळच्याच गावचा. गावच्या पोराकडून कुणाची काय अपेक्षा असणार? तो शाळेत कसा होता हे सगळ्यांना माहीत असतं! त्याच वर्षी बाद फेरीत कॅरोलायनाविरुद्ध त्याने सुसाट येणाऱ्या चकतीपुढे, म्हणजे पकपुढे, स्वतःला झोकून दिलं, हाताला लागलं, आणि संघ अंतिम फेरीत पोचला तेव्हा हा बाहेर. ते कुठल्याच मतदानात धरलं नाही, कारण मतदान हंगामाच्या साखळी सामन्यांपुरतं असतं. अपेक्षांना बाद फेरीत सुट्टी.

टिम थॉमसची कथा याहून सरस. नवोदित खेळाडूंच्या १९९४ च्या निवडीत २१७ वा घेतलेला गोलरक्षक. फिनलंड, स्वीडन, कुठे कुठे खेळत फिरला आणि तिशी उलटल्यावर बॉस्टनमध्ये जम बसला. २००६ मध्ये त्याला हा पुरस्कार मिळाला. बरं. २००७ मध्ये पुन्हा त्यालाच मिळाला. आता जरा विचार करा. एकदा अपेक्षा ओलांडली, की पुढच्या वर्षी अपेक्षा वर सरकायला हवी. इथे ती जागची हललीच नाही! लोकांनी सलग दोन वर्षं त्याला ‘काय अचाट खेळतो हा, कुणाला वाटलं होतं!’ म्हणून डोक्यावर घेतलं. संघाच्या कारभाऱ्यांनी काय केलं? २००७ च्या उन्हाळ्यात मिनेसोटाहून मॅनी फर्नांडेझ नावाचा दुसरा गोलरक्षक आणून त्याच्या उरावर बसवला. मग थॉमसने २००९ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी घेतली, २०११ मध्ये पुन्हा घेतली, आणि लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कपही आणून दिला. इतकं झाल्यावर कुठे बॉस्टनला त्याच्याकडून थोडीफार आशा वाटू लागली. तेवढ्यात तो विजेत्या संघाच्या व्हाइट हाउसमधल्या सत्काराला गेला नाही, आणि लोक म्हणाले, याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

खेळाडूंनी हा पुरस्कार हाती पडला की आनंद जरा बेतानेच करावा. २०१२ चा मानकरी टायलर सेगिन. पुढच्याच उन्हाळ्यात त्याला डॅलसला धाडलं. २०१४ चा रायली स्मिथ; २०१५ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाला रवाना. २०२१ चा निक रिची. १५ गोल मारले, टाळ्या मिळाल्या, पुरस्कार मिळाला, आणि जुलैत करार पुढे चालवायचा प्रस्तावसुद्धा मिळाला नाही. टोरांटोने त्याला घेतलं. रिचीने नक्की कुठली अपेक्षा ओलांडली होती हे बहुधा कारभाऱ्यांना चाहत्यांनी कळवलंच नाही. चाहत्यांच्या अपेक्षा वेगळ्या, हिशेबनिसाच्या वेगळ्या, आणि सही हिशेबनीस करतो.

अर्थात, सगळ्यात मजेशीर हंगाम २०२२-२३ चा. सुरुवातीला मार्शँड शस्त्रक्रियेतून उठत होता, बचावपटू मॅकअ‍ॅव्हॉयचा खांदा दुखरा, प्रशिक्षक नवा, आघाडीचे बर्जरॉन आणि क्रेची वयाने मोठे. जाणकारांनी पितृपक्षातल्यासारखे चेहरे केले होते. आणि संघ सुटला! ६५ विजय, १३५ गुण, दोन्ही आकडे लीगच्या इतिहासातले उच्चांक. आता अपेक्षा कुणी ओलांडल्या हा प्रश्न कसा सोडवायचा? लिनस उलमार्क या गोलरक्षकाने चाळीस सामने जिंकले, आणि फेब्रुवारीत व्हँकुव्हरला स्वतः एक गोलही मारला. गोल अडवायचा पगार घेणारा गोल मारू लागला, तर आणखी काय ओलांडायचं राहतं! तरी लोक चौथ्या फळीतले उमेदवार शोधत होते. चौथी फळीही धडाधड जिंकत होती. बचावपटूंच्या तिसऱ्या जोडीवर घोडं अडलं, तर तीही उत्तम. एका काकांनी वैतागून बर्फ सपाट करणाऱ्या झँबोनी गाडीच्या चालकाचं नाव सुचवलं. निदान त्याच्याकडून कुणी काही अपेक्षा केली नव्हती.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. पहिल्याच बाद फेरीत समोर आला फ्लोरिडाचा संघ, कसाबसा आत घुसलेला. बॉस्टन ३-१ ने पुढे. आणि तिथून सलग तीन सामने हरले, शेवटचा तर घरच्या मैदानावर, जादा वेळेत. मतदान आधीच उरकलं होतं, म्हणून बरं. त्या रात्री घेतलं असतं, तर एकमताने पुरस्कार फ्लोरिडाला गेला असता.

मार्शँडही नंतर तिकडेच गेला. मार्च २०२५ मध्ये ब्रुइन्सने आपल्या कर्णधाराला फ्लोरिडाला देऊन टाकलं आणि ते वर्ष गटात तळाला राहून संपवलं. सदतीस वर्षांच्या त्या माणसाने बाद फेरीत दहा गोल ठोकले आणि जूनमध्ये कप उचलला. कॉजवे स्ट्रीटवर त्या रात्री ‘मी मार्चमध्येच म्हणालो होतो, याला सोडू नका’ म्हणणारे इतके निघाले, की मार्चमध्ये ते सगळे कुठल्या बारमध्ये बसले होते याचा पोलीस तपास व्हायला हवा होता.

यावर माझी एक साधी सूचना आहे. पहिल्या सामन्याआधी प्रत्येक चाहत्याने प्रत्येक खेळाडूबद्दलची आपली अपेक्षा स्टँपपेपरवर लिहून नोटरीकडून सही-शिक्क्यानिशी पक्की करून घ्यावी: इतके गोल, इतक्या मारामाऱ्या, इतके दिवस जायबंदी. मार्चमध्ये मत देताना सोबत त्याची प्रत जोडायची. प्रत नाही, तर मत नाही. मी ही सूचना बोर्कवाल्या काकांना सांगितली. ते म्हणाले, कल्पना झकास आहे, पण कागदाचा उलटाही उपयोग होतो. यंदा त्यांना तिसऱ्या जोडीतला एक बचावपटू निवडून आणायचा आहे, म्हणून सप्टेंबरच्या सराव शिबिरापासूनच त्याला शिव्या घालायला सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं आहे. जितक्या जास्त शिव्या, तितकी एप्रिलात संधी मोठी. पोराचं भलं होईल, असंही म्हणाले.