आतून आवाज आलाच नाही तर?

‘तुझं पॅशन काय आहे?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं. त्याला कोर्स विकायचा असतो.

पस्तिशीची एक बाई घ्या. दहा वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेली. प्रमोशन म्हणजे बदली आणि बदली म्हणजे पोरांची शाळा मोडणार. काम बदलायचं हे पक्कं ठरलंय. कोणतं धरायचं, ते काही केल्या ठरत नाही. तिला सल्ला काय मिळतो? ‘मनाचं ऐक.’

मन काही बोलतच नसेल तर?

मग तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. शेजारणीला बेकिंग ‘सापडलं’, मामेभावाला गडकिल्ल्यांच्या सहली ‘सापडल्या’, आपण मात्र कोरड्याच. कमी तिच्यात नाही. खोट सल्ल्यात आहे.

‘थ्री इडियट्स’ 2009 मध्ये आला आणि घरोघरी इंजिनिअरिंगवरून भांडणं झाली. झाली ते चांगलंच झालं. पण त्यातल्या फरहानला निदान फोटोग्राफीचं वेड होतं. ज्याला कसलंच वेड नाही, त्याने थिएटरातून बाहेर पडताना काय घेऊन जायचं?

त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. संख्येने मात्र तोच जास्त.

जरा मागे बघू. गावगाड्यात सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. चांभाराच्या पोराला ‘तुला काय करावंसं वाटतं’ असं कुणी विचारलं नाही. त्याने स्वतःला विचारलं, तरी गाव त्याला तसं वागू देत नव्हतं. शाळा, आरक्षण, गिरण्या, कारखाने, शहरं, चळवळी, इतक्यांनी मिळून ती साखळी तोडायला घेतली. अजून ती पुरती तुटलेली नाही. आपला धंदा आपण निवडणं ही इतकी महागात पडलेली गोष्ट आहे.

आणि हाती आल्यावर तिचं आपण काय केलं? जन्माने ठरलेला धंदा नाकारला आणि जन्माने ठरलेली आवड शोधत बसलो.

म्हणून तर बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणारी दुकानं चालतात. त्यामागे शास्त्र नाही. तरी आईबाप हजारो रुपये मोजतात, कारण ‘आत काहीतरी ठरलेलं आहे’ ही समजूत पक्की आहे. सरकारलाही तिचा मोह पडला. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आज पंचविशीत आहेत. पंधराव्या वर्षी संगणकावर दिलेल्या उत्तरांवर यांनी पुढची चाळीस वर्षं काढायची का?

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा 2018चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरची एक रंजक चित्रफीत दाखवली. ती आवडली. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. ‘आवड आधीच आत ठरलेली असते’ असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. साहजिक आहे. ज्याला वाटतं की खरी आवड असली की कष्ट जाणवत नाहीत, तो पहिल्या कष्टालाच म्हणतो, ही माझी आवड नव्हे.

आवड शोधायला निघालेला माणूस दर सहा महिन्यांनी क्लास बदलतो तो यामुळे. त्याला आळशी म्हणू नका. त्याला चुकीचं शिकवलं आहे.

आता सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके. जन्म 1870चा. लुमिएर बंधूंचे हलते चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दिसले 1896 मध्ये. म्हणजे फाळके पंचविशी ओलांडेपर्यंत त्यांचं भावी काम या देशात अस्तित्वातच नव्हतं. कोणत्या कलचाचणीने त्यांना ते सांगितलं असतं?

त्या आधी आणि नंतर त्यांनी काय काय केलं पाहा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढचं शिक्षण, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी, मग छपाई. मधूनच जादूचे प्रयोग. छपाईत भागीदारांशी बिनसलं आणि तेही सुटलं. त्या वेळी एखाद्या नातेवाइकाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, चाळिशी आली तरी एक काम धड नाही.

त्याच सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पुढे 1913 मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कॅमेरा हाताळणं, प्रकाश जोखणं, पडदे रंगवणं, रसायनं, युक्तिदृश्यं, सगळं आधीच्या कामांतून हातात बसलेलं. ‘धरसोड’ म्हणून जे हिणवलं गेलं असतं, तेच भांडवल निघालं.

फाळके म्हटलं की सगळ्यांना सिनेमापायी विमा पॉलिसी गहाण टाकल्याची गोष्ट आठवते. भाषणात ती छान दिसते. मला त्यांचा वाटाणा जास्त मोलाचा वाटतो. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी मोठा सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर फुटून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. ती छोटी फिल्म दाखवली, तेव्हा पैसे उभे राहिले. आणि पॉलिसीच्या गोष्टीवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हेही सांगावं, की या माणसाची अखेरची वर्षं नाशकात ओढगस्तीत गेली.

वाटाणा घ्या. पॉलिसी घरात ठेवा.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं तर याच्या उलट. त्यांना आवड स्पष्ट होती, चित्रकलेची. वडिलांच्या मनाविरुद्ध तेही जे. जे.त दाखल झाले. दोनेक वर्षांत कळलं, रंग नीट ओळखू येत नाहीत. संपलं! मग यंत्रांचं रेखाटन, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी, तिथे डावललेली बढती, बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, तरी ते टिकून राहिले. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लहानपणी कोण म्हणतं, मला लोखंडी नांगर करायचाय?

थोरांचं पुरे. पुण्याच्या सदाशिव पेठेत या. अभ्यासिकेतल्या खुर्चीत सात-आठ वर्षं काढलेला मुलगा. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. मर्यादा इतकी लांब, की थांबायचं कधी ते नियमातून कळत नाही. तो ‘प्लॅन बी’ म्हणतो, पण दबक्या आवाजात, गुन्हा केल्यासारखा. त्याला पुन्हा ‘तुझी खरी आवड ओळख’ म्हणणं क्रूरपणा आहे. त्याला विचारायला हवं, तुला येतं काय? कायद्याचं कलम वाचून त्याचा अर्थ लावता येतो. दहा तास बसता येतं. अर्ज, नोंदी, आकडेवारी यांची भीती नाही. हे कमावलेलं आहे, आणि सरकारी खुर्चीबाहेरही ते लागतं.

आणखी एक जात आहे सल्ल्याची, बायकांसाठी राखीव. मुलं मोठी झाल्यावर कामावर परतू पाहणारीला म्हणतात, ‘आता छंद जोपास.’ ती पगार मागतेय. छंद कुणी मागितला?

पैशाचं नाव काढलं की आपण ओशाळतो. ‘पैशासाठी करतो’ असं म्हणणारा हलका आणि ‘आवडीसाठी करतो’ म्हणणारा थोर. का? घराचा हप्ता, आईची औषधं, धाकट्या भावाची फी, ही कारणं हलकी आहेत? या राज्यातली कित्येक घरं अशाच कारणांनी केलेल्या कामावर उभी आहेत. त्या कामांना आवडीचं प्रमाणपत्र लागलं नाही.

मग निवडायचं कसं? आवड बाजूला ठेवा, त्रास मोजा. शिक्षकाला गठ्ठ्याने पेपर तपासायचे असतात, वकिलाला तारखा सांभाळायच्या असतात, नर्सला रात्रपाळी असते, केटररला पहाटेचा भाजीबाजार. यातला कोणता त्रास तुम्हाला इतरांपेक्षा कमी होतो? दुसऱ्याला जीव नकोसा होतो आणि तुम्हाला नुसता कंटाळा येतो, असं काम दिसलं तर तिथे थांबून बघा.

त्या कामातल्या माणसाला भेटा. ‘कसं वाटतं’ विचारू नका, सगळे छानच सांगतात. काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत, ते विचारा. पगारही विचारा. पगार विचारणं असभ्य, असं आपण मानतो. मग पोरं लाखभर फी भरून असे अभ्यासक्रम करतात, ज्यांच्या शेवटी हातात काय पडणार हे कुणी तोंडाने सांगितलेलं नसतं.

मग चार सुट्ट्या तिथे काढा. हिशेब लिहा, गिऱ्हाईक सांभाळा, सामान उचला. नोकरी सोडायची ती यानंतर, आणि काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर. राजीनाम्याचं पत्र फोटो काढून लोकांना दाखवण्यासाठी नसतं.

प्रेम बसेल? बसेल कदाचित. हात बसला, लोक नावाने विचारत येऊ लागले, की बऱ्याच जणांचा जीव कामात गुंततो. काहींचा नाही गुंतत. ते संध्याकाळी पाच वाजता कामावरून उठतात, घरी जातात, मुलीला गणित शिकवतात. त्यांच्या आयुष्यात नेमकं काय बिघडलं?

आणि वर्षाने वाटलं, हेही नाही, तर? पुन्हा बदला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून ‘सध्या काय चाललंय?’ विचारणारे काका तुमचा हप्ता भरत नाहीत. त्यांना जिलबी वाढा.