हातोडा, फाशी आणि कुल्फी

चौतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या पोरांना स्थिरचित्रातलं मडकं दोन्ही बाजूंनी सारखं फुगलं पाहिजे, एवढं पटवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला भाच्याने लॅपटॉपवर निफ्टी फ्युचर्सचा पाच मिनिटांचा चार्ट उघडला आणि म्हणाला, "मामा, यात फक्त आकार ओळखायचे असतात," तेव्हा मला वाटलं, एवढ्या वर्षांनी कोणीतरी माझ्या विषयाला मार्क देतंय.

आकारांची नावं ऐकूनच मी गारद झालो. तीन पांढरे सैनिक. तीन काळे कावळे. डोकं आणि खांदे. कानवाला कप, ज्याच्या बशीचा कुठेच पत्ता नाही. चार्टवरच्या दर पाच मिनिटांच्या उभ्या पट्टीला मेणबत्ती म्हणतात. यातली मेणबत्त्यांची विद्या अठराव्या शतकातल्या मुनेहिसा होन्मा नावाच्या जपानी तांदूळ-व्यापाऱ्याची, असं मानतात. ओसाकाच्या दोजिमा बाजारात १७३० पासून तांदळाचे वायदे सरकारमान्य होते, हे मात्र पक्कं. मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या घरात निदान तांदूळ तरी असतील."

सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे पाच मिनिटांच्या ७५ मेणबत्त्या. तेव्हा निफ्टीचा लॉटही ७५ चा. पत्रिका जुळली म्हणून मी फंडातले सव्वादोन लाख मार्जिनला लावले.

आता हातोडा. वर आखूड धड, खाली लांब शेपूट. भाव पडत असताना हा दिसला की बाजार वळणार, खरेदी करा. दुसऱ्या दिवशी मी मेणबत्त्यांवरच्या पुस्तकात पुढचं पान उलटलं तर तेच चित्र! वर आखूड धड, खाली लांब शेपूट, आणि नाव 'फाशी गेलेला माणूस'. भाव चढत असताना दिसला की विका. म्हणजे चित्र एकच, मथळे दोन. मथळा कोणता लावायचा ते आपण तळाशी आहोत की शेंड्यावर यावर ठरतं. आणि आपण तळाशी होतो हे साधारण दीड तासाने कळतं. माझ्या वर्गात कोणी असं चित्र दिलं असतं तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं.

पहिला हातोडा मला एका मंगळवारी अकरा-वीसला दिसला. एक लॉट घेतला, तीस पॉइंट खाली स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवणारी विक्री, लावला. निफ्टी खाली निघाला. आता मडकं नीट दिसत नसलं की मी मुलांना सांगायचो, जरा मागे सरकून बघ. त्याच न्यायाने मी स्टॉपलॉस वीस पॉइंट मागे सरकवला. तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडर आत ठेवून येईपर्यंत पन्नास पॉइंट, म्हणजे ३,७५० रुपये गेलेले, आणि निफ्टी तिथूनच ताठ मानेने वर निघालेला. हातोडा खरा होता. फक्त खिळ्याच्या जागी मी होतो.

साडेतीननंतर तोच चार्ट बघा. सगळे आकार कसे ठसठशीत! कुठे घ्यायचं, कुठे विकायचं, शेंबडं पोरही सांगेल. आमच्या भाषेत याला स्मरणचित्र म्हणतात, आणि त्यात मला कायमच पैकीच्या पैकी. स्थिरचित्राची अडचण एवढीच, की इथलं मडकं स्थिर बसत नाही.

पुन्हा खर्च वेगळा. अठरा लाखांच्या सौद्यावर विकताना तेव्हा ०.०२ टक्के एसटीटी हा सरकारी कर म्हणजे साडेतीनशेच्या वर. दलाली, जीएसटी, स्टँप धरून पाचशे-सव्वापाचशे. निफ्टी सात पॉइंट माझ्या बाजूने सरकेपर्यंत मी पुन्हा सरकारी चाकरीतच असायचो, फक्त पगार मी द्यायचो. आयकर खातं याला 'बिगर-सट्टा व्यवसाय' मानतं, हाच काय तो दिलासा. आमच्या बाबांनी मात्र वेगळाच शब्द वापरला असता.

लॉगिन करताना रोज पाटी झळकते: फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत तर आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये ९३ टक्के लोक तोट्यात निघाले, आणि सलग दोन वर्षं मार खाल्लेल्यांपैकी पाऊण हिश्शाहून जास्त परत आले. असा निकाल लागला असता तर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं असतं. पण नापास पोरं आपण होऊन पुन्हा त्याच वर्गात येऊन बसतात, ही पटसंख्या बघून त्यांनी चहाही पाजला असता.

एकदा बायको स्क्रीनसमोर थबकली. मी फाशी गेलेला माणूस दाखवला. ती म्हणाली, "अहो, ही तर कुल्फी आहे. वर कुल्फी, खाली काडी."

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना. दोन दिवसांनी पावणेबाराला, भाव पडत असताना, तोच आकार पुन्हा उगवला. मी लॉट घेतला आणि ओरडलो, "अगं, कुल्फी!"

आतून आवाज आला, "वितळायच्या आत संपवा."

अकरा पॉइंट वर आल्याबरोबर मी सौदा कापला. खर्च जाऊन तीनशेच्या आसपास उरले. संध्याकाळी दोन मलई कुल्फ्या आणल्या, मटकाच, काडीवाली नको म्हणून.

मी बाहेर पडल्यावर निफ्टी आणखी नव्वद पॉइंट चढला. हे तिला अजून सांगितलेलं नाही.