राष्ट्रीय बायको योजना

डेव्हिड कॅमेरून सहा वर्षं ब्रिटनचे पंतप्रधान होते. सगळं आरोग्यखातं हाताखाली, सल्लागारांची फौज दिमतीला. तरी त्यांच्या प्रोस्टेटचा कर्करोग सापडला तो पत्नीने रेडिओ ऐकला म्हणून. सोहो हाउस या उच्चभ्रू क्लबचे संस्थापक निक जोन्स रेडिओवर स्वतःच्या आजाराबद्दल बोलत होते. समँथाबाईंनी ते ऐकलं आणि नवऱ्यामागे लकडा लावला. पीएसए नावाची रक्तचाचणी झाली, आकडा चढा निघाला. मग एमआरआय, बायॉप्सी आणि उपचार. नोव्हेंबर २०२५ मध्ये साहेबांनी ही हकीकत 'द टाइम्स'ला सांगितली आणि जास्त जोखमीच्या पुरुषांची तरी सरकारने आपणहून तपासणी करावी, अशी मागणी केली.

काही दिवसांतच, २८ नोव्हेंबरला, राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीचा मसुदा आला. सरसकट तपासणी? नको.

समितीला वेड्यात काढणं सोपं आहे, पण तिच्याकडचे आकडे भक्कम आहेत. चढ्या पीएसएच्या दर चार पुरुषांपैकी तिघांना कर्करोग नसतो, आणि आकडा नॉर्मल असलेल्या सातांपैकी एकाला तो असू शकतो. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात २३ वर्षं पाठपुरावा केल्यावर हिशेब निघाला तो असा: ४५६ जणांना तपासणीला बोलवावं, तेव्हा एकाचा मृत्यू टळतो. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' चाचणीत तर शस्त्रक्रिया करा, किरणोपचार द्या की नुसती नजर ठेवा, पंधरा वर्षांनी सुमारे ९७ टक्के पुरुष या कर्करोगाने दगावले नव्हते. बहुतेक गाठी इतक्या आळशी असतात की त्यांच्याआधी म्हातारपणच माणसाला गाठतं. पण एकदा 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की नुसती नजर ठेवून झोप कुणाला लागते? मग शस्त्रक्रिया होते आणि काहींच्या वाट्याला लघवीवरचा ताबा जाणं, शय्यासुख संपणं असे भोग येतात. रोगापेक्षा औषध भयंकर, ही भीती पोकळ नाही.

इथवर सगळं शहाणपणाचं. घोडं पेंड खातं ते पुढे.

ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या कुठल्याही पुरुषाला ही चाचणी फुकट मागता येते. अट एकच: मागायची त्याने. लक्षणं नसतील तर डॉक्टरांनी आपणहून विषय काढायचा नाही, अशी मार्गदर्शक सूचना आहे. म्हणजे दोन प्रौढ माणसं समोरासमोर बसून रक्तदाब, गुडघा आणि हवामान यांवर गप्पा मारतात आणि प्रोस्टेटबाबत अळीमिळी गुपचिळी. ज्याने आधीच पेपरात वाचलंय, ज्याचा मित्र सर्जन आहे, ज्याची बायको रेडिओ ऐकते, तो मागतो. बाकीचे गुडघ्याची गोळी घेऊन घरी जातात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या नोंदी तपासल्या, तर पुनःपुन्हा चाचण्या होत होत्या दक्षिणेत, सधन वस्त्यांत आणि सत्तरी ओलांडलेल्यांच्या. म्हणजे जिथे फायदा सर्वांत कमी, तिथेच सुया जास्त. राष्ट्रीय कार्यक्रम नको म्हणताना समितीने एक कार्यक्रम चालूच ठेवला आहे. त्याला ना यादी, ना वयोमर्यादा, ना हिशेब.

क्रिस हॉय यांचं उदाहरण तर या नियमांची थट्टाच करतं. एडिनबर्गचा हा सायकलपटू, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं. वडिलांना आणि आजोबांनाही हाच आजार होता. खांदा दुखतो म्हणून तपासायला गेले आणि कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला निघाला. वय ४७, पन्नाशीच्या नियमाला तीन वर्षं कमी. (पीएसएसाठी रक्त देण्याआधी ४८ तास सायकल चालवू नये असं सांगतात. हॉयसारख्याला दोन दिवस सायकलवरून उतरवणार कोण?)

समिती अगदीच निष्ठुर नाही. बीआरसीए या जनुकात दोष असलेल्यांना ४५ ते ६१ या वयात दर दोन वर्षांनी तपासावं, असं तिने सुचवलं. उत्तम. पण आपल्यात तो दोष आहे हे पुरुषाला कळतं कसं? बहुधा आईला किंवा बहिणीला स्तनाचा वा बीजांडाचा कर्करोग होतो, त्यांची जनुकं तपासली जातात, मग दादाला फोन जातो. चाचणीला पाठवते बायको, पात्र ठरवते बहीण. एवढा मोठा कारभार चालवणाऱ्या या महिलावर्गाला मानधन द्यावं, असं मसुद्यात कुठे दिसत नाही.

कृष्णवर्णीय पुरुषांना हा आजार होण्याचा धोका दुप्पट. ब्रिटनमध्ये चारातल्या एकाला तो आयुष्यात गाठतो. त्यांच्यासाठी मात्र समितीने हात वर केले, कारण पुरेसा पुरावा नाही. पुरावा का नाही? आजवरच्या मोठ्या चाचण्यांत ते नावापुरतेच होते. म्हणजे आधी त्यांना मोजायचं नाही, मग मोजमाप नाही म्हणून टाळायचं.

आपल्याकडे हा घोळच नाही. सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर थांबते. प्रोस्टेटचा भार 'फुल बॉडी चेकअप'वाल्या लॅब वाहतात. सकाळी उपाशीपोटी घरी माणूस येतो आणि साखर, थायरॉइड, व्हिटॅमिनच्या जोडीला पीएसएही सवलतीत. पीएसए हे प्रथिन १९७० मध्ये शोधणाऱ्या रिचर्ड अॅब्लिन यांनी २०१० मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून या चाचणीच्या सरसकट वापराला कडाडून विरोध केला होता. पॅकेजच्या पत्रकात त्यासाठी जागा उरली नसावी.

ब्रिटनमध्ये आता 'ट्रान्सफॉर्म' नावाचा ४ कोटी २० लाख पौंडांचा अभ्यास सुरू झालाय. तीन लाखांपर्यंत पुरुष, एमआरआय आणि जनुकीय चाचण्यांची जोड, आणि बोलावलेल्या दहांपैकी एक कृष्णवर्णीय असेल याची काळजी. डॉक्टरांच्या नोंदींवरून निवड होते आणि पत्र घरी येतं. स्वतःहून नाव द्यायला गेलेल्यांना मात्र घेत नाहीत: ज्याला चाचणी हवीच आहे, तो अभ्यासाला चालत नाही.