पद्मिनी, ऊस आणि सोनेरी प्रकाश

पन्नाशीनंतर माणसाने गुडघे जपावेत असं डॉक्टर सांगतात. मी पद्मिनी घेतली. गुडघ्यांवर निदान गोळ्या मिळतात. पद्मिनीचे सुटे भाग मात्र ओळखीनेच मिळतात, आणि माझ्या सगळ्या ओळखी बँकेतल्या.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. जुने लोक तिला अजून फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीची फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात बारसं होऊन तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. एके काळी लोक हिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले. "सख्ख्या आत्या गेल्या तेव्हा एवढे रडला नव्हतात," बायको म्हणाली. त्याच आठवड्यात मी गाडी शोधायला लागलो.

माझ्या गाडीला भाचा 'प्रोजेक्ट कार' म्हणतो. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांकडे प्रकल्प म्हटलं की कुकडी: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. माझ्याही प्रकल्पात पाणी साठतं, पण ते मागच्या सीटच्या पायाशी. रंग गडद निळा. डाव्या खिडकीची काच दारात उतरून बसलेली, ती लाकडी पाचर मारून अर्ध्यावर थोपवलेली. विकणाऱ्याने "काचेचं काय, हवा येते" असं सांगितलं होतं, आणि हवा येते हे मला कबूल करावं लागेल.

भाच्याबद्दल सांगायला हवं. चांगली नोकरी सोडून तो ऑटोमोटिव्ह फोटोग्राफर झाला आहे. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे अजून कळलेलं नाही. ती पाहुण्यांना "गाड्यांच्या कंपनीत आहे" असं सांगते. हा मुलगा चैत्राच्या उन्हात नखशिखान्त काळे कपडे घालतो, कारण गडद गाडीच्या पत्र्यात सगळ्याचं प्रतिबिंब पडतं आणि फोटोग्राफर त्यात दिसता कामा नये. पुढची चाकं कॅमेऱ्याकडे किंचित वळवून ठेवायची, आकाशाची चमक मारायला भिंगावर पोलरायझर लावायचा, आणि ग्लिसरीन घातलेलं पाणी पिचकारीने बोनेटवर मारायचं, म्हणजे थेंब ओघळत नाहीत. एवढी सेवा त्याने त्याच्या आईची केली असती तर नोकरीचं खरं सांगायची हिंमत झाली असती.

जुन्नर-आंबेगावात नेऊन पद्मिनीचे फोटो काढायचा त्याचा बेत मोठा होता. सकाळी डिंभे धरणाचं पाणी, संध्याकाळी नाणेघाट, दुसऱ्या दिवशी खोडदच्या रेडिओ दुर्बिणी. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत अशी समजूत आहे. "दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका आणि त्याच्यापुढे पद्मिनी!" भाचा म्हणाला. त्या रांजणाला फास्टॅग लागत नाही हा मला मोठाच फायदा वाटला. खोडदबद्दल मात्र मी साशंक होतो. तिथे आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकत बसलेल्या असतात. जुन्या इंजिनाच्या ठिणगीतूनही रेडिओगोंगाट निघतो. माझे प्लग ऐकून तिथल्या शास्त्रज्ञांनी नवा तारा जाहीर केला असता.

मंचरला मिसळ खाऊन आम्ही घोडेगावकडे वळलो. डिंभ्याचं पाणी सुंदर होतं. फोटो झाले नाहीत. फ्रेममध्ये विजेचा खांब येत होता. खांब टाळला तर फ्लेक्स येत होता. दोन तालुक्यांत मिळून असा एक कोपरा नाही, जिथून कुणाचा तरी वाढदिवस दिसत नाही! सत्कारमूर्ती गॉगल लावून, कानाला मोबाइल लावून, सह्याद्रीच्या अंगावर उभी. खाली चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी. डोंगर कुणाचाही असो, तो फुकट मिळालेली भिंत आहे अशी यांची ठाम समजूत. माझा रक्तदाब गाडीच्या तापमानाच्या काट्याबरोबर चढला. मग दुपारचा प्रकाश 'मेलेला' असतो म्हणून भाच्याने आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि पद्मिनीला, आंब्याखाली झोपवून ठेवलं.

चारनंतर आम्ही घोडेगावहून जुन्नरच्या रस्त्याला लागलो. एका चढावर इंजिन, भाषणात मुद्दा विसरलेल्या पुढाऱ्यासारखं, दोनदा अडखळलं, खाकरलं आणि बसलं. दोन्ही बाजूंना ऊस. तालुक्याची हद्द तिथेच कुठेतरी असावी, कारण जमलेल्या दोन मोटारसायकलवाल्यांत बोनेट जुन्नरात आणि डिकी आंबेगावात आहे की उलट, यावर गाडीच्या बिघाडापेक्षा जास्त चर्चा झाली.

मग सल्ले सुरू झाले.

"पाव्हणं, पॉइंट घासा."

"पेट्रोलमधी कचरा आला आसंल."

"रेस दाबू नका, प्लग भिजतील."

"लय जुनी हाय वो. इकून टाका."

शेवटचा सल्ला सोडून सगळे अमलात आणले. खरं दुखणं वेगळंच होतं. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टांनी बसवलेला असतो. मध्ये उष्णता अडवणारी एक जाड चकती असते; कुण्या मिस्त्रीने ती कधीतरी काढून परत बसवलीच नव्हती. त्यामुळे उन्हात चढ लागला की पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. औषध जुनंच आहे: पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि गप्प बसायचं.

फडक्याला पाणी हवं. आमचं सगळं पाणी रेडिएटरने पिऊन टाकलेलं. राहिली भाच्याची पिचकारी.

"मामा, ते शूटचं पाणी आहे."

"अरे, गाडीच चालली नाही तर शूट कशाचं?"

"गाडी चालायलाच कशाला हवी? उभीच तर हवीये. प्रकाश बघ!"

प्रकाश खरोखर सुरेख होता. ऊन तिरपं झालं होतं, उसाच्या पात्यांच्या कडा पेटल्या होत्या, निळ्या पत्र्यावर तांबूस रेघ उतरली होती आणि एवढ्या वेळात प्रथमच फ्रेममध्ये कुणाचा वाढदिवस नव्हता. भाचा रस्त्यावर पालथा पडला. मी पंपावर ग्लिसरीनचं पाणी मारू लागलो. पंपावर अप्रतिम थेंब जमले. ओघळले मात्र नाहीत.

"तुमी काचा वर घेऊन आत बसा," मागून आवाज आला. "दिवस बुडाया आला. वाघ हाय हितं."

एक आजोबा उभे होते. हातात काठी, काठीला घुंगरं, कपाळाला बॅटरी बांधलेली, बंडीच्या खिशात मोठ्याने भजन गाणारा मोबाइल. या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. मी डाव्या काचेकडे पाहिलं. पाचर निसटून पडली आणि काच उरलीसुरली दारात उतरली.

"आजोबा, आवाज जरा कमी करता?" भाचा जमिनीवरूनच म्हणाला. "चित्त लागत नाहीये."

"गाणं माझ्यासाठी न्हाई, बाळा. आवाज आसला का जनावर लांब ऱ्हातं."

भाचा उठून उभा राहिला.

इथे थट्टा थांबवतो. या दोन तालुक्यांत उसाने बिबट्याला घर दिलं आहे. पाणी आहे, आडोसा आहे, कुत्री-वासरं आहेत. मादी उसातच विते आणि तोडणी लागली की मजुरांना पिल्लं सापडतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. माणसंही गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. आणि शेतीपंपाची वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली की माणसाला काळोखात उसात जावं लागतं. आजोबा मोटर चालू करायला निघाले होते. ते गेले नाहीत. "तुमी निगाल्याबिगर मी हलत न्हाई," म्हणाले आणि आमच्याकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून उभे राहिले. मधूनमधून काठी आपटत. घुंगरं वाजत. त्यांच्या पायात प्लॅस्टिकचे बूट होते, एक काळा, एक निळा.

तेवढ्यात पिकअप आला. मागे शर्यतीचे दोन खोंड, शिंगं रंगवलेली, कपाळावर गुलाल. यात्रेचा हंगाम. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. परवानगी मिळाल्यापासून या भागातले शर्यतीचे घाट परत गजबजले आहेत. गाडामालक तरणाबांड होता. आमची अवस्था बघून त्याने पाण्याचा कॅन काढला. आधी बैलांना पाजलं, मग पंपाला. बैलांचं अंग पुसायचं फडकं भिजवून त्याने स्वतः पंपावर गुंडाळलं.

"बैलं लावून ओढता येईल का?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "काका, ह्या एका बैलात तुमच्यावाल्या चार गाड्या येतील," तो शांतपणे म्हणाला. मी किंमत विचारली नाही.

मग तो भाच्याकडे वळला. "दादा, आमच्या हिऱ्याचा एक फोटो काढ की."

"मी फक्त गाड्यांचे काढतो."

"गाडा पळीवतो ना त्यो!"

भाच्याने बैलाकडे पाहिलं. पांढरं शुभ्र अंग, खांद्याचा गोळा, मागून येणारा शेवटचा प्रकाश. तो परत जमिनीवर गेला. हिऱ्या काही सूचना न देता पाय किंचित वळवून उभा राहिला. पद्मिनीला हे शिकवायला आम्हाला अख्खा दिवस लागला होता. उजेड सरेपर्यंत शटर वाजत राहिलं. मग पद्मिनीला चावी मारली आणि ती सुरू झाली. आजोबांनी मागे न बघता काठी वर केली आणि उसात शिरले. भजन बराच वेळ ऐकू येत होतं.

शिवनेरीला आम्ही अंधारातच हात जोडले. नाणेघाट राहिला, खोडद राहिलं.

हिऱ्याचा फोटो पुढच्या यात्रेत दहा फुटी फ्लेक्सवर झळकला, सह्याद्रीच्या अंगावर. मी त्याबद्दल काही बोललो नाही. भाच्याला चैत्र-वैशाखाच्या यात्रांची आगाऊ कामं मिळाली आहेत. बहीण पाहुण्यांना आता "शेतीक्षेत्रात आहे" असं सांगते. पद्मिनीला ती चकती बसवली आहे, काच मात्र अजून खालीच आहे.

तुम्ही जुनी गाडी घेऊन त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. फोटो मात्र सकाळी काढा. सूर्य उगवतानाचा प्रकाश मावळतीइतकाच सोनेरी असतो, आणि तुम्ही निघेपर्यंत कुणाला तुमच्यासाठी उसाकडे तोंड करून उभं राहावं लागत नाही. आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी तिथल्या शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी. आम्ही गाडी सुरू झाली की निघून आलो. आजोबांना मोटर बंद करायला परत जायचंच होतं.