चार वूफर, एक बॅटरी

बदनापूरने शेतकऱ्यांना तुरीचे वाण दिले. इथल्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. सध्याचं ताजं संशोधन मात्र शिवारात नाही, गाड्यांच्या डिक्क्यांत चालू आहे. विषय गहन आहे: एकाच ॲम्प्लिफायरवर चार वूफर कसे जोडावेत?

बारावीत ओहमच्या नियमाने ज्यांना घाम फोडला, तीच पोरं आता दुकानाच्या दारात उभी राहून तोंडी हिशेब मांडतात. चार ओहमचे दोन वूफर सिरीजमध्ये जोडले की आठ ओहम, पॅरललमध्ये दोन. चारही पॅरलल केले की एक. ओहम जितके कमी तितका करंट जास्त, आणि दणका मोठा.

मिस्तरी समजूतदार असतो. "दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये घेऊ, मग त्या पॅरलल करू. चारच ओहम राहतील, मशीन तापणार नाही."

"आवाज कमी येईल का?"

"थोडा."

"मग राहू दे भाऊ. एक ओहमलाच बांध."

मशीनवर 'किमान दोन ओहम' असं छापलेलं असतं. पण छापलेलं वाचून वागायचं ठरवलं, तर बाटलीवरचा औषधाचा डोससुद्धा पाळावा लागेल! दोन गाण्यांत ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागतो, जळका वास सुटतो आणि निकाल लागतो: "माल डुप्लिकेट निघाला राव."

बॅटरीला तर कुणी विचारतच नाही. बारा व्होल्टवर हजार वॅट ओढायचे म्हणजे ८३ ॲम्पिअर झाले. मशीनमधली गळती वेगळीच. लहान गाडीचा अल्टरनेटर सगळा जीव लावून जेमतेम एवढंच देतो, आणि त्यातच हेडलाइटही आले. मग प्रत्येक ठोक्याला दिवे मंद होतात. समोरच्या ट्रकवाल्याला वाटतं, हा डिपर मारून साइड मागतोय. फ्यूज वारंवार उडतो, म्हणून तो काढून तिथं तार गुंडाळलेली असते.

ही विद्या पोरांना घरातूनच मिळाली आहे. डीपीवर गावातली प्रत्येक मोटार पॅरललमध्येच असते. मंजुरी पाच एचपीची, विहिरीवर साडेसातची. फ्यूजच्या जागी तार तिथंही असते. एक मोटार वाढली की करंट वाढतो, हे सगळ्यांना कळतं. वाढलेली मोटार नेमकी शेजाऱ्याची असते, एवढंच प्रत्येकाला पटतं. ऐन रब्बीत डीपी जळते आणि वीज कंपनीच्या नावाने शिमगा होतो. पोरगं त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचं, ते निदान स्वतःचीच बॅटरी बसवतं.

एखाद्या वूफरचं प्लस-मायनस उलटं लागलं तर आणखी मजा. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोघंही जीव तोडून हलतात, करंट तेवढाच खातात, आणि बेस मात्र गायब! मुंबईत असं झालं की त्याला समन्वय समिती नेमतात. इथं मिस्तरी दोन वायरी अदलाबदल करतो.

राहिला कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप 'ए' पट्टीवर होतं, आणि ही पट्टी ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. वूफरचा सगळा संसार तिथंच! मांडणीवरची भांडी नाचतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, पण कायद्याला ऐकू येतं ते फक्त उरलेलं गाणं.

आमची शासनाला नम्र सूचना आहे. तालुक्यातल्या सगळ्या डीपी या पोरांच्या ताब्यात द्याव्यात. सिरीज-पॅरलल तोंडपाठ असलेली एवढी माणसं कुठल्याच खात्यात सापडणार नाहीत. अडचण एकच आहे: लोड कमी कर म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी अजून पाहिलेलं नाही. पण ते तर मंत्रालयानंही पाहिलेलं नाही.